चेतना आणि बीज : संकल्पाने जीवोत्क्रांती घडते काय?

प्राण्याच्या इच्छेने त्याचे शरीर बदलते काय, आणि बदललेच तर तो बदल त्याच्या संततीत उतरतो काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ जीवशास्त्राचा आहे. परंतु भारतीय समाजाच्या इतिहासात त्याचे एक जुळे भावंड दीर्घकाळ वावरत आले आहे. मनुष्याचा जन्म, त्याचे कूळ आणि त्याचे शरीर ही त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्मांची, म्हणजे त्याच्याच संकल्पांची फळे आहेत, असे ज्यांनी सांगितले त्यांनी जन्माला नैतिक निकालपत्राचे रूप दिले. उच्च मानलेल्या कुळात जन्मला तो पुण्यवान आणि नीच मानलेल्या कुळात जन्मला तो स्वतःच्याच पापाचा धनी! या युक्तिवादाने कोट्यवधी माणसांच्या दैन्याचे खापर शतकानुशतके त्यांच्याच माथी फोडले. म्हणून संकल्प आणि बीज यांचा संबंध काय, हा प्रश्न धम्माच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

अलीकडे या प्रश्नाने नवा वेष घेतला आहे. ध्यानसाधनेने जनुके बदलतात व बदललेली जनुके पुढील पिढीस मिळतात, किंवा डार्विनच्या कितीतरी शतके आधी तथागतांनी उत्क्रांतिवाद सांगितला होता, अशी विधाने मोठ्या श्रद्धेने केली जातात. तथागतांचे मोठेपण अशा विधानांवर अवलंबून नाही. उलट त्यांची कठोर परीक्षा करणे हेच धम्माच्या चिकित्सक वृत्तीस धरून होईल. त्यासाठी प्रथम युरोपातील या विचाराचा इतिहास पाहू, मग पालि वाङ्मयाकडे वळू आणि शेवटी बाबासाहेबांनी या प्रश्नाचा निकाल कसा लावला ते तपासू.

लामार्क आणि एका शब्दाची कथा

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क (१७४४-१८२९) यांनी प्राणिशास्त्राच्या तत्त्वज्ञानावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १८०९ मध्ये प्रकाशित केला. सजीवांच्या जाती एकदाच घडवून ठेवलेल्या नसून त्या कालौघात परिणत होत जातात, असा त्याचा सिद्धांत होता. परिस्थिती बदलली की प्राण्याच्या गरजा बदलतात. गरजांमुळे सवयी बदलतात. सवयींमुळे काही अवयव अधिक वापरले जातात तर काही पडून राहतात. वापराने अवयव वाढतो, न वापरल्याने तो खुरटतो आणि हा फरक संततीत उतरतो, अशी लामार्क यांची कारणमालिका होती. उंच झाडाचा पाला खाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मान ताणणाऱ्या जिराफाचे उदाहरण याच मालिकेतले आहे.

या मालिकेत 'इच्छा' ही कडी नाही. लामार्क यांनी वापरलेल्या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'गरज' असा होतो. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर क्युव्हिए यांनी लिहिलेला आणि १८३२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत वाचला गेलेला मृत्युलेख 'प्राण्याला वाटले आणि अवयव उगवला' अशा थाटाचे चित्र उभे करणारा होता. तेच चित्र पुढे रूढ झाले. डार्विन यांनी १८४४ मध्ये आपले मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात प्राण्यांच्या सावकाश इच्छेने घडणाऱ्या बदलांची कल्पना लामार्कची म्हणूनच झिडकारली आहे. १८५८ मध्ये वॉलेस यांनीही जिराफाची मान त्याच्या इच्छेने वाढली नाही, असे मुद्दाम नोंदविले. एका शब्दाचा अर्थ गरजेकडून इच्छेकडे सरकला आणि एका विचारवंताच्या नावावर त्याने न मांडलेला सिद्धांत जमा झाला. पालिच्या अभ्यासकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण असाच अपघात आपल्याकडेही झाला आहे. त्याची चर्चा पुढे येईल.

डार्विन यांनी १८५९ मध्ये 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ प्रकाशित करून वेगळे उत्तर दिले. एकाच जातीच्या जीवांत जन्मतःच लहानमोठे फरक असतात. त्यांतील जे फरक त्या त्या परिस्थितीत जगण्यास व प्रजोत्पादनास साहाय्यक ठरतात ते पुढील पिढ्यांत वाढत जातात. येथे निवड होते, पण निवडणारा कोणी नसतो. तथापि फरक मुळात कसे उत्पन्न होतात याचे उत्तर डार्विन यांच्याजवळ नव्हते. अर्जित गुण संततीत उतरतात हे मत त्यांनी पूर्णपणे सोडले नव्हते. १८६८ मधील त्यांच्या ग्रंथात त्यासाठी एक स्वतंत्र उपपत्तीही आहे.

ती वाट जर्मन शास्त्रज्ञ वाइझमान यांनी बंद केली. शरीराच्या पेशी वेगळ्या आणि वंश पुढे नेणाऱ्या बीजपेशी वेगळ्या; शरीरावर जे घडते त्याची नोंद बीजपेशींत होत नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यांनी पाच पिढ्यांपर्यंत उंदरांच्या शेपट्या कापल्या आणि त्यांना झालेली ९०१ पिल्ले तपासली. एकाही पिल्लाची शेपटी आखूड निघाली नाही. अर्थात कापलेली शेपटी म्हणजे सवयीने बदललेला अवयव नव्हे, हा या प्रयोगावरील आक्षेप योग्यच आहे. अधिक निर्णायक पुरावा १९४३ मध्ये लुरिया व डेलब्रुक यांनी दिला. विषाणूंना दाद न देणारे जीवाणू विषाणूंशी गाठ पडण्याच्या आधीच, योगायोगाने, निर्माण झालेले असतात, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. संकट आले म्हणून बदल घडला नव्हता. आधीच घडलेला बदल संकटात उपयोगी पडला होता.

संकल्पवादाचे आकर्षण आणि त्याची किंमत

हे उत्तर अनेकांना रुचले नाही. ज्या सृष्टीत हेतू नाही तिच्यात मानवी प्रयत्नाला अर्थ तो काय, असे त्यांना वाटले. इंग्रज लेखक सॅम्युएल बटलर, १९०७ मध्ये सर्जनशील उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ आणि १९२१ मध्ये 'बॅक टू मेथुसेला' हे नाटक प्रसिद्ध करणारे बर्नार्ड शॉ हे या अस्वस्थतेचे प्रतिनिधी होत. शॉ यांच्या नाटकात माणसे संकल्पाच्या बळावर तीनशे वर्षे जगू लागतात. नाटकात ते शोभून दिसते. तेच राज्यकारभारात आले तेव्हा मात्र त्याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली.

सोव्हिएत रशियात लिसेंको यांनी असा दावा केला की योग्य संस्कार दिल्यास गव्हाचे बीज पाहिजे तसे वळविता येते व तो संस्कार पुढील पिढीत टिकतो. नवा समाज घडवायला निघालेल्या राज्यसत्तेला हे मत सोयीचे वाटले. त्याला विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ च्या जानेवारीत सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. १९४८ च्या ऑगस्टमध्ये लिसेंको यांचा सिद्धांत अधिकृत ठरला व आनुवंशशास्त्राचे अध्यापन थांबले. बीजाने मात्र राज्यसत्तेची आज्ञा मानली नाही.

याच इतिहासात संकल्पशक्तीचे दुसरेही एक दर्शन घडते. १९४१ ते १९४४ या काळात लेनिनग्राडला वेढा पडलेला असताना वाविलोव्ह यांनी जगभरातून जमविलेल्या बियाण्यांचे रक्षण त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. भोवती धान्याच्या पिशव्या असताना त्यांतील काही जण भुकेने मृत्यू पावले. त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. संकल्पाने बीजाचा स्वभाव बदलत नाही, पण बीज जतन करावे की खाऊन टाकावे हे संकल्पच ठरवितो. कम्माचे क्षेत्र कोठून सुरू होते हे या घटनेतून स्पष्ट दिसते.

आडवाटेने होणारा परिणाम

मग जीवोत्क्रांतीत मनाला काहीच स्थान नाही काय? आहे, परंतु ते थेट नाही. १८९६ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाल्डविन यांनी असे दाखविले की प्राणी नवी गोष्ट शिकतो, नव्या जागी राहू लागतो, तेव्हा त्याच्या भोवतालची निवडीची परिस्थितीच बदलते. शिकलेली गोष्ट बीजात लिहिली जात नाही. पण त्या नव्या जीवनक्रमास अनुकूल असे जन्मजात फरक पुढे टिकू लागतात.

दुधाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत अंगावरचे दूध सुटल्यावर दुधातील साखर पचविण्याची शक्ती ओसरते. काही मानवसमूहांत ती प्रौढपणीही टिकते. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत ज्यांनी गुरे पाळली त्यांच्यात, युरोपात एका आणि पूर्व आफ्रिकेत दुसऱ्या जनुकीय बदलामुळे, हा गुण पसरला. गुरे पाळण्याचा निर्णय माणसांनी जाणीवपूर्वक घेतला होता. आपल्या वंशजांची पचनशक्ती बदलावी असा संकल्प मात्र कोणीच केला नव्हता. इच्छेने परिस्थिती बदलली, परिस्थितीने निवड बदलली आणि निवडीने शरीर बदलले. मधल्या दोन पायऱ्या गाळून इच्छेला थेट शरीराशी जोडणे हीच या विषयातील मूळ चूक होय.

ध्यान आणि जनुके यांविषयीच्या दाव्यातही हीच गफलत आहे. ताण, आहार, व्यायाम यांमुळे पेशीतील जनुकांचे कार्य कमीअधिक होते हे खरे. पण जनुकांच्या कार्यात फरक पडणे वेगळे आणि साधकाला हवा तसा बदल बीजात कोरला जाऊन संततीला मिळणे वेगळे. ध्यानाचा लाभ साधकाला व त्याच्या सहवासातील माणसांना होतो. तेवढा लाभ लहान नाही.

पालि वाङ्मयाची साक्ष

आता पालि ग्रंथांकडे वळू. अंगुत्तर निकायातील निब्बेधिक सुत्तात तथागत चेतनेलाच कम्म म्हणतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु आजच्या मराठीत 'चेतना' म्हणजे जीवनशक्ती, चैतन्य. हाच अर्थ मनात धरून ते वचन वाचले की चैतन्य हेच विश्वाला घडविणारे बळ आहे, असे काहीतरी तथागत सांगत आहेत असा भास होतो. पालितील 'चेतना' म्हणजे हेतू, कृतीमागचा संकल्प. तथागतांचे विधान नीतीविषयी आहे : कृतीचे मूल्य तिच्यामागच्या हेतूवरून ठरते. लामार्क यांच्या शब्दाचे जे झाले तेच येथे या शब्दाचे झाले आहे.

चेतनेला नीतीच्या क्षेत्रात ठेवणारी सीमारेषा परंपरेनेच आखलेली आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या नावाशी निगडित अट्ठकथांत पाच नियाम सांगितले आहेत : उतुनियाम, बीजनियाम, कम्मनियाम, चित्तनियाम आणि धम्मनियाम. बीजनियामाची त्यांतील उदाहरणे साधी व निरीक्षणातून आलेली आहेत. बीजासारखे फळ येते, नारळाच्या डोक्यावर छिद्रे असतात, सूर्यफुले सूर्याकडे वळतात. हे सर्व कम्मामुळे होते असे अट्ठकथाकार म्हणत नाहीत. त्यासाठी ते स्वतंत्र नियाम सांगतात. बीजाचा कायदा वेगळा आणि कम्माचा कायदा वेगळा, हे भान त्या काळच्या आचार्यांना होते.

मूळ निकायांत हीच दृष्टी दिसते. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात मोळियसीवक परिव्राजक विचारतो की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत योग्य आहे काय? तथागत पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुपालट, अयोग्य आहारविहार, आघात अशी कारणे सांगून कम्मविपाक हे आठांपैकी केवळ एक कारण मानतात. सर्वच पूर्वकर्मावर ढकलणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या व जगाच्या मान्यतेच्या पलीकडे जातात, असा त्यांचा निर्णय आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त त्याहून पुढे जाते. गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांत जन्मसिद्ध भिन्न लक्षणे आहेत, तशी ती माणसामाणसांत नाहीत. माणसांतील भेद व्यवहारातील नावांचे आहेत, असे तेथे एकेका अवयवाचा उल्लेख करून सांगितले आहे. मानवजात एक आहे, हे विधान येथे शरीराच्या निरीक्षणावर उभे आहे.

विरोधी वाटणाऱ्या दोन सुत्तांची दखल घेणे प्रामाणिकपणाचे होईल. दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्तात तेजोमय जीव पृथ्वीरसाच्या तृष्णेने जड होत जातात, त्यांच्या रूपात भेद पडतात, असे वर्णन आहे. त्यालाच काही जण बौद्ध उत्क्रांतिवाद म्हणतात. पण हे सुत्त कोणाला सांगितले आहे हे पाहावे. ब्राह्मण कुळातून संघाकडे आलेल्या आणि त्यासाठी स्वकीयांच्या शिव्या खाणाऱ्या वासेट्ठ व भारद्वाज यांना ते सांगितले आहे. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा दावा करणारेही इतरांसारखेच मातेच्या उदरी जन्मतात, हा त्याचा रोख आहे. समाजव्यवस्था ईश्वराने निर्मिलेली नसून माणसांच्या लोभातून व करारांतून उत्पन्न झाली, हे सांगणारे ते आख्यान आहे. त्यात जीवशास्त्र शोधणे म्हणजे त्याची धार बोथट करणे होय.

दुसरे सुत्त मज्झिम निकायातील चूळकम्मविभङ्ग. त्यात अल्पायुष्य, रोग, कुरूपता, नीच कुळ ही पूर्वकम्माची फळे म्हटली आहेत. सीवक सुत्ताशी आणि वासेट्ठ सुत्ताशी हे विवेचन जुळविणे कठीण आहे. येथे बाबासाहेबांनी दिलेली कसोटी उपयोगी पडते : तथागतांच्या नावे सांगितलेले जे वचन बुद्धीला व तर्काला धरून नाही, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही, ते त्यांचे मानता येत नाही.

बाबासाहेबांचे उत्तर

१९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब ऋतुनियम व बीजनियम यांचा उल्लेख करून विचारतात की, निसर्गात जशी व्यवस्था आहे तशी समाजात नैतिक व्यवस्था कशी राहते? त्यांचे उत्तर कम्मनियम हे आहे. अट्ठकथाकारांनी केलेली विभागणी अशा रीतीने त्यांनी आधुनिक काळात सजीव केली. त्याच ग्रंथात त्यांनी पूर्वकर्माच्या हिंदू सिद्धांतावर आनुवंशशास्त्राच्या आधारे प्रहार केला आहे. त्या सिद्धांतानुसार मूल आईबापांकडून केवळ देह घेते आणि बाकी सर्व आत्म्याबरोबर येते. विज्ञानाने हे खोटे ठरविले आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

आनुवंशशास्त्राची ही जाण त्यांच्याकडे उत्तरायुष्यात आलेली नव्हती. १९३६ मधील 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये, वंशशुद्धीसाठी जातिव्यवस्था योजली गेली असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना, त्यांनी मेंडेलच्या नियमांवरील बेटसन यांच्या ग्रंथाचा आधार घेतला. उच्च मानसिक गुण कोणत्याही एका आनुवंशिक घटकाने ठरत नाहीत, असे बेटसन यांनी म्हटले होते. आधुनिक शास्त्रज्ञांनाही जे ज्ञान नाही ते जाती निर्माण करणाऱ्या पूर्वजांना होते काय, असा बाबासाहेबांचा रोकडा सवाल होता. त्याहीपूर्वी, ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म सजातीय विवाहबंधनात आहे, हे दाखवून दिले होते.

जनुकविज्ञानाने या निदानाला अनपेक्षित पुष्टी दिली आहे. हैदराबादचे पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र आणि अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालय येथील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ मधील संशोधनानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील भिन्न समूहांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले आणि त्यानंतर ते थांबत गेले. २०१७ मधील दुसऱ्या संशोधनाने दाखविले की दीर्घकाळ आपापसातच विवाह केल्यामुळे दक्षिण आशियातील अनेक गटांत अप्रकट जनुकांमुळे होणाऱ्या आजारांचा धोका वाढला आहे. आंध्रातील वैश्य समाजाचे उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिलेल्या औषधाचा परिणाम त्यांच्यातील काहींवर धोकादायक रीतीने लांबतो.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर भारताच्या भूमीवर असे मिळते. जाणीवपूर्वक केलेल्या सामाजिक संकल्पाने मानवी बीजसंचयावर परिणाम केला आहे. तो संकल्प जातीचा होता, त्याचे साधन विवाहबंदी होते आणि त्याचे फळ श्रेष्ठत्व नसून रोगांचा वाढलेला धोका हे आहे. ज्यांनी जन्माला पूर्वसंकल्पाचे फळ म्हटले, त्यांनीच घातलेल्या बंधनाने पुढच्या पिढ्यांच्या जन्मावर ओझे लादले.

संकल्प कोणाचा?

युरोप-अमेरिकेतही संकल्पाने वंश सुधारण्याचा प्रयत्न झाला. गॉल्टन यांनी १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला नाव दिले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा वैध ठरविला. जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांचे निर्बीजीकरण झाले. त्यात संकल्प एकाचा होता आणि शरीर दुसऱ्याचे.

आता तर प्रयोगशाळेत गर्भाच्या जनुकांत थेट फेरफार करणे शक्य झाले आहे. २०१८ मध्ये चीनमधील एका संशोधकाने तसे फेरफार केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. पुढे त्याला तुरुंगवास झाला. लामार्कच्या नावावर खपलेली कल्पना उपकरणांच्या साहाय्याने प्रत्यक्षात येऊ पाहत आहे. अशा वेळी तथागतांच्या चेतनाविचाराचे खरे प्रयोजन कळते. बीज कसे बदलते हे विज्ञान सांगेल. ते कोणाच्या हितासाठी, कोणाच्या संमतीने बदलावे, त्या हेतूच्या मुळाशी लोभ, द्वेष व मोह आहेत की अलोभ, अद्वेष व अमोह, हे तपासणे कम्मनियमाच्या अधिकारातले आहे.

धम्मात संकल्पाचे सामर्थ्य थोर आहे. त्याचे क्षेत्र मात्र ओळखले पाहिजे. जन्म हा कोणाच्याही पुण्याचा पुरावा नाही आणि कोणाच्याही पापाची शिक्षा नाही. माणसाच्या हाती आहे ती परिस्थिती : शाळा, अन्न, औषध, विवाहाचे स्वातंत्र्य आणि माणसामाणसांतील मैत्री. ती बदलण्याचा संकल्प करावा, कारण तेथे संकल्पाला फळ येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी माणसांनी असाच संकल्प केला. त्यांची जनुके त्या दिवशी बदलली नाहीत. जन्माने त्यांच्याविषयी दिलेला म्हणून सांगितलेला निकाल मात्र त्यांनी कायमचा फेटाळला.